नवी पेठेतले पहारेकरी

सोलापूरच्या नवी पेठेत संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते. कपड्यांची दुकाने, चपलांची दुकाने, मोबाईलची दुकाने, निम्म्या रस्त्यापर्यंत आलेल्या दुचाक्या आणि त्यांतून वाट काढणारे सारे शहर. महाविद्यालये सुटली की मुलींचे घोळके इकडेच वळतात. कुणाला वही घ्यायची असते, कुणाला मोबाईलची फुटलेली काच बदलायची असते, कुणी एसटी स्टँड गाठून गावाची गाडी धरण्याच्या घाईत असते. याच गर्दीत एखाद्या कोपऱ्यावर गाडी तिरपी लावून आमच्या मोहल्ल्यातली चार पोरे उभी असतात. त्यांना काही विकत घ्यायचे नसते. ती पहारा देत असतात. बुरख्यातली मुलगी कुणाशी बोलली, कुणाच्या गाडीवरून उतरली, रसाच्या दुकानात तिच्या टेबलाशी कोण बसले होते, याची नोंद तिथे होते. मोबाईलवर फोटो निघतो. तो तासाभरात तिच्या भावाकडे पोचतो, भावाकडून वालिदांकडे. परीक्षेचा अर्ज भरलेला असतो, शुल्क भरलेले असते, आणि सोमवारपासून मुलगी महाविद्यालयात दिसेनाशी होते. वर्गातल्या मैत्रिणींना सांगितले जाते, तिची तब्येत बरी नाही.

ही पोरे अडाणी नाहीत. त्यांतल्या दोघांची तरी नावे कुठल्या ना कुठल्या महाविद्यालयाच्या हजेरीपटावर आहेत. आठ मार्चला ‘स्त्री-पुरुष समानता आणि आजचा युवक’ असा निबंध आला तर ती झकास लिहितात. सावित्रीबाईंचे नाव घेतात, रझिया सुलतानाचे घेतात, चांदबीबीचे तर हमखास घेतात, कारण तिच्या लग्नात सोलापूरचा किल्ला आदिलशाहीला आंदण गेला हे इथल्या पोरांना ठाऊक असते. निबंधाचा कागद देऊन ती पुन्हा पेठेच्या कोपऱ्यावर येऊन उभी राहतात. यात आपण काही विपरीत करतो आहोत असे त्यांना मुळीच वाटत नाही. समानता हा त्यांच्या लेखी परीक्षेचा विषय आहे आणि पहारा हे कर्तव्य आहे.

आमचे म्हणणे एवढेच आहे की, महाविद्यालयात समानता यावी यासाठी विद्यार्थ्यांना काही करायचे असेल तर आमच्या मुस्लिम विद्यार्थ्यांनी पहिल्यांदा हा पहारा उठवावा. परिसंवाद, पथनाट्ये, घोषवाक्ये, मेणबत्त्या हे सगळे त्याच्या मागून. आम्ही म्हणजे कोण, असे कुणी विचारील. आम्ही म्हणजे याच मोहल्ल्यांत वाढलेली, घरात दखनी बोलणारी आणि मराठीत लिहिणारी माणसे. १९९० साली ज्या शहरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, ज्या शहरात प्रा. फकरुद्दीन बेन्नूर यांनी संगमेश्वर महाविद्यालयात वर्षानुवर्षे राज्यशास्त्र शिकवले, त्या शहराकडून आमच्या काही अपेक्षा आहेत, म्हणून बोलावे लागते.

महाविद्यालयाच्या आतले चित्र काही फार निराळे नाही, आणि तिथे केवळ आमचीच पोरे नाहीत. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत ‘जी. एस.’ आणि ‘एल. आर.’ हे दोन शब्द पिढ्यान्पिढ्या चालत आलेले आहेत. जी. एस. म्हणजे सर्व विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी. एल. आर. म्हणजे मुलींची प्रतिनिधी. जी. एस. सहसा मुलगा असतो, आणि मुलगा सर्वांचा प्रतिनिधी होऊ शकतो, मुलगी मात्र फक्त मुलींची, हे कुणी न सांगताच ठरलेले असते. स्नेहसंमेलन आले की जी. एस. प्राचार्यांच्या खोलीत बसून खर्चाचा हिशेब ठरवतो आणि एल. आर. रांगोळी, पाहुण्यांचे पुष्पगुच्छ आणि ईशस्तवनाच्या मुली गोळा करते. १९९० च्या दशकात महाविद्यालयीन निवडणुका बंद झाल्या. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने त्यांची पुन्हा तरतूद केली, २०१९ साली तारखा ठरूनही त्या पुढे ढकलल्या गेल्या. मतपेटी आली नाही, पण रांगोळी आणि हिशेब यांची वाटणी मात्र टिकून राहिली. सोलापूरचे विद्यापीठ २००४ साली झाले, २०१९ साली त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचे नाव मिळाले. जिने राज्याचा हिशेब पाहिला तिचे नाव कमानीवर, आणि आत स्नेहसंमेलनाचा हिशेब मुलीच्या हाती द्यायला कचरायचे, असा हा प्रकार आहे.

पण मूळ मुद्दा पहाऱ्याचा.

पहारा देणारे म्हणतात, आम्ही रक्षण करतो. जमाना खराब आहे. बाहेर कोण कसा असेल सांगता येत नाही. हे म्हणणे वरवर खरे वाटते, म्हणून थोडे तपासून पाहू. रमजानच्या शेवटच्या दिवसांत रात्री दहाला बाजारात जाऊन बघावे. आमच्या मुली, आमच्या बायका, आमच्या खाला, फुफी सगळ्या तिथे असतात. खांद्याला खांदा लागतो अशा गर्दीत बांगड्या घेतात, ओढणीला साजेशी चप्पल शोधतात, दुकानदाराशी हुज्जत घालतात. तेव्हा जमाना खराब नसतो. घरचे कुणी ‘एवढ्या रात्री?’ म्हणून विचारीत नाही. आणि तीच मुलगी परीक्षेच्या आधी ग्रंथालयात संध्याकाळी सातपर्यंत बसते म्हणाली की जमाना एकदम खराब होतो. बांगडीसाठी रात्रीचे दहा चालतात, पुस्तकासाठी संध्याकाळचे सात चालत नाहीत. याचा अर्थ धोका अंधारात नाही आणि गर्दीतही नाही. पहारेकऱ्यांना जो धोका वाटतो तो पुस्तकात आहे, स्वतःचे ठरवण्यात आहे.

बेगम रुकैया सखावत हुसेन यांनी १९०५ साली ‘सुलतानाज ड्रीम’ नावाची एक गोष्ट लिहिली. तिच्यातल्या राज्यात पुरुष मर्दान्यात कोंडलेले आहेत आणि बायका राज्य चालवतात. त्यातला युक्तिवाद अगदी साधा आहे. धोका ज्यांच्यापासून आहे त्यांना आत ठेवायचे की ज्यांना धोका आहे त्यांना? गोष्ट विनोदी आहे, पण ज्या बाईने ती लिहिली तिने पुढे १९११ साली कोलकात्यात मुस्लिम मुलींची शाळा काढली आणि घरोघर फिरून मुली मिळवल्या. पुरुषांना कोंडून ठेवा असे आमचे म्हणणे नाही, गैरसमज नसावा. कोपऱ्यावर थांबू नका, एवढेच म्हणणे आहे.

आणि हे केवळ आम्हीच म्हणतो असेही नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ चे विनियम काढले, ते २०१६ च्या मे महिन्यात अधिसूचित झाले. महाविद्यालयातील लैंगिक छळ रोखण्यासाठीचे हे विनियम आहेत. त्यांत स्पष्ट म्हटले आहे की, मुलींच्या सुरक्षेचे कारण पुढे करून वसतिगृहात मुलांना नाहीत असे भेदभावाचे नियम मुलींवर लादू नयेत, आणि सुरक्षेच्या नावाखाली त्यांच्या हिंडण्याफिरण्यावर पाळत ठेवू नये. दिवे लावा, वाहतुकीची सोय करा, असे नियम सांगतो. आमच्याकडे दिवा लावायचा सोडून मुलीलाच घरी पाठवायची रीत आहे. वसतिगृहाचे अधीक्षक असोत की मोहल्ल्यातले चार जण, दोघांचा उपाय एकच.

आता काही जण म्हणतील, तुम्ही आमच्याच पोरांच्या पाठी लागला आहात, बाहेर काय चालले आहे ते दिसत नाही का? दिसते. डोळे उघडे ठेवूनच बोलतो आहोत. २०२२ साली शेजारच्या कर्नाटकात हिजाब घातलेल्या मुलींना महाविद्यालयाच्या फाटकाशी अडवले. १५ मार्च २०२२ ला तिथल्या उच्च न्यायालयाने बंदी योग्य ठरवली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी दोन वेगळे निकाल दिले. विजापूर सोलापूरपासून काही तासांच्या वाटेवर आहे. त्या दिवसांत इथल्या घराघरांत काय चर्चा झाल्या ते वाचकांना आठवत असेल. मग २०२४ साली मुंबईत चेंबूरच्या आचार्य-मराठे महाविद्यालयाने हिजाब, नकाब, टोपी यांना बंदी करणारे परिपत्रक काढले. नऊ विद्यार्थिनी उच्च न्यायालयात गेल्या. २६ जूनला त्यांची याचिका फेटाळली गेली. ९ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने त्या परिपत्रकातल्या हिजाब, टोपी आणि बॅजवरच्या बंदीला अंतरिम स्थगिती दिली, वर्गात बुरख्याची मुभा मात्र दिली नाही.

या नऊ मुलींकडे आमच्या समाजाने नीट पाहिलेच नाही. त्यांच्या हिजाबाचे कौतुक झाले, त्यांच्या याचिकेचे झाले नाही. महाविद्यालयात शिकणाऱ्या मुली स्वतः ठरवतात, वकील गाठतात, प्रतिज्ञापत्रावर सही करतात, उच्च न्यायालयात हरतात आणि तरी सर्वोच्च न्यायालयात जातात. ही समानतेची गोष्ट आहे. मुलीने काय घालावे हे तिने ठरवावे, प्राचार्यांनी नव्हे, हा त्यांचा मुद्दा आम्हाला शंभर टक्के मान्य आहे. पण मग हा मुद्दा फाटकाच्या दोन्ही बाजूंना लागू होतो. चेंबूरच्या मुलीने डोके झाकायचे ठरवले तर तो तिचा हक्क, आणि सोलापूरच्या मुलीने झाकायचे नाही असे ठरवले तर तो ‘बिघडलेपणा’, असे दोन काटे ठेवून माल मोजता येणार नाही. पेठेतल्या दुकानदाराने असे केले तर आपण त्याच्याशी भांडतो.

तीच गोष्ट मैत्रीची. २०२२ च्या डिसेंबरात महाराष्ट्र शासनाने आंतरधर्मीय विवाहांची माहिती ठेवणारी आणि त्या मुलींच्या माहेरांशी समन्वय साधणारी एक समिती नेमली. त्याच सुमारास गावोगाव ‘लव्ह जिहाद’च्या नावाने मोर्चे निघाले. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलीला आपले बरेवाईट कळत नाही, तिच्यावर कुणीतरी नजर ठेवायला हवी, असे त्या मोर्च्यांत गृहीत धरलेले होते. आमच्या तरुणांना याचा संताप आला आणि तो रास्तच होता. वर्गातल्या मुलीला नोट्स दिल्या म्हणून मुस्लिम मुलाला चौकात अडवून नाव विचारले जाते, ही साधी गोष्ट नाही. पण आमच्या मुलीला तिच्या वर्गातल्या गणेशने नोट्स दिल्या की नवी पेठेच्या कोपऱ्यावर नेमका तोच प्रकार होतो. एक झेंडा भगवा, एक हिरवा. मुलीच्या बाबतीत दोघांचा कायदा एकच. दोघेही तिला कौमची मालमत्ता समजतात आणि तिच्या संमतीला कवडीची किंमत देत नाहीत. आमच्या मुलांवरचा पहारा अन्यायकारक आहे हे जगाला पटवून द्यायचे असेल तर आमच्या मुलींवरचा पहारा आधी उठवावा लागेल.

धर्माचे काय, असे विचारणारे भेटतीलच. इल्म मिळवणे फर्ज आहे, हे वाक्य आमच्या प्रत्येक जलशात, प्रत्येक गुणगौरव समारंभात ऐकू येते. त्यात मर्दासाठी फर्ज आणि औरतीसाठी सवलत असे काही नाही, हे सांगणारे आलिमही आहेत. मोरोक्कोतल्या फेज शहरात ८५९ साली सुरू झालेले अल-करावियीन हे जगातले एक अतिशय जुने विद्यापीठ, ते फातिमा अल-फिहरी या बाईने वालिदांच्या वारशाच्या पैशातून उभे केले अशी परंपरा आहे. आमचे वक्ते ही गोष्ट अभिमानाने सांगतात. पण बाईला वारसा मिळाला होता, तिने तो स्वतःच्या मर्जीने खर्च केला, या दोन गोष्टींवरून मात्र ते घाईने पुढे जातात. असो, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

खरा प्रश्न धर्माचा नाही, पोटाचा आणि पतीचा आहे, आणि तो आम्हाला हसण्यावारी न्यायचा नाही. सच्चर समितीने २००६ साली सांगितले की, मुस्लिम आईबाप शिक्षणाच्या विरोधात आहेत ही समजूत चुकीची आहे, मदरशात जाणारी मुले शाळेच्या वयाच्या मुलांत जेमतेम तीन टक्के आहेत, आणि घराजवळ शाळा, मुलींची वसतिगृहे नाहीत हे मोठे अडसर आहेत. देशाच्या लोकसंख्येत आम्ही २०११ च्या जनगणनेनुसार चौदा टक्क्यांच्या वर. उच्च शिक्षणातला आमचा वाटा २०२०-२१ च्या सरकारी पाहणीत ४.६ टक्के. एवढ्या थोड्यांतून जी मुलगी बारावीच्या पुढे गेली, तिच्यामागे कुणीतरी राबलेले असते. सोलापुरात हजारो बायका घरी विड्या वळतात. हजार विड्यांच्या हिशेबाने मजुरी मिळते. त्यांत आमच्याही मावश्या आहेत. अशा एखाद्या अम्मीने मान मोडेपर्यंत विड्या वळून मुलीचे शुल्क भरायचे, आणि एका फोटोने ते पाण्यात जायचे. इज्जतीची काळजी करणाऱ्यांपैकी किती जणांनी त्या शुल्कात चार आणे घातले होते, हे विचारले तर उत्तर मिळत नाही.

पोरांची बाजूही सांगितली पाहिजे. आमची पुष्कळ मुले दहावीनंतर शिक्षण सोडतात. गॅरेजवर जातात, फळांची गाडी लावतात, पेठेत कापडाच्या दुकानात ठाण उलगडून दाखवायला उभी राहतात. मुली मागे राहून बी.ए., बी.कॉम., डी.एड. होतात. मग घरात चर्चा सुरू होते, मुलगी जास्त शिकली तर जोडीचा मुलगा कुठून आणायचा? यावर उपाय म्हणून मुलीचे शिक्षण थांबवले जाते. मुलगा शिकला नाही ही अडचण, आणि उपाय मुलीवर! एक पाय आखूड म्हणून दुसरा कापून घेण्यासारखे हे आहे. वस्तुतः कापडाच्या दुकानात बारा तास उभा राहून बहिणीची परीक्षा फी भरणारा मुलगा आम्ही पाहिलेला आहे, आणि असे अनेक आहेत. तो कोपऱ्यावर कधी दिसत नाही, त्याला वेळच नसतो. मोहल्ल्यात त्याचे नाव कुणी घेत नाही.

अशा भावाचे नाव घ्यायचेच तर आमच्याकडे एक जुने नाव आहे. २०२५ च्या जानेवारीत समाजमाध्यमांवर गवगवा झाला की फातिमा शेख नावाची कुणी बाई नव्हतीच, ती कल्पनेतून उभी केलेली आहे. फातिमाबाईंविषयी फार थोडे ठाऊक आहे हे खरे. त्यांच्या जन्मतारखेवर भांडण्यात अर्थ नाही. पण १० ऑक्टोबर १८५६ रोजी नायगावहून सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमेचे नाव आहे. सावित्रीबाई आजारी होऊन माहेरी गेल्या आहेत आणि मागे कामाचा भार फातिमेवर पडला असेल याची त्यांना काळजी आहे. एवढ्या उल्लेखातूनही एक काम करणारी, कुरकुर न करणारी बाई डोळ्यांपुढे उभी राहते. आणि तिच्याबरोबर उस्मान शेख यांचे नाव येते. जोतीराव-सावित्रीबाईंना घर सोडावे लागले तेव्हा त्यांनी आपल्या घरात आसरा दिला, ते फातिमेचे भाऊ, असे सांगतात. भावाने काय करावे याचा धडा आमच्या पोरांना हवा असेल तर तो इथे आहे. बहीण कुठे जाते यावर त्याने डोळा ठेवला नाही, तिला जायला जागा करून दिली.

आणखी जवळचे उदाहरण हवे तर जळगावचे घ्या. १९८२ साली तिथे मुस्लिम स्त्रियांनी सिनेमा पाहू नये अशी बंदी घातली गेली. रझिया पटेल तेव्हा तरुण होत्या, छात्र युवा संघर्ष वाहिनीत काम करीत होत्या. त्या बंदीविरुद्ध त्या उभ्या राहिल्या. सिनेमासारख्या क्षुल्लक गोष्टीसाठी एवढा आटापिटा कशाला, असे तेव्हा पुष्कळांनी विचारले असणार, आजही विचारतात. पण बंदी क्षुल्लक गोष्टीवर घातली की ती मोडणाऱ्याला क्षुल्लक ठरवणे सोपे जाते, हेच तर त्यातले कौशल्य असते. आज सिनेमा मोबाईलवर आला, बंदीची ती जागा मुलीच्या मोबाईलने घेतली आहे. भावाने तिच्या मोबाईलचा पासवर्ड मागायचा आणि तिने द्यायचा, हा कित्येक घरांत शिरस्ता आहे. भावाच्या मोबाईलचा पासवर्ड बहिणीने मागितल्याचे मात्र आमच्या ऐकण्यात नाही. रझिया पटेल यांनी पुढे ‘चाहूल’ या पुस्तकात आपली कहाणी लिहिली. महाविद्यालयातल्या आमच्या मुलामुलींनी ती मिळवून वाचावी.

तेव्हा विद्यार्थ्यांनी करायचे काय? पहिली गोष्ट वर सांगितली. फोटो काढायचा नाही, आलेला पुढे पाठवायचा नाही, आणि ज्याने पाठवला त्याला त्याच गटात सर्वांदेखत सांगायचे की हा चोंबडेपणा आहे. हे सांगायला धैर्य लागते, कारण मग ‘तुझी बहीण असती तर?’ हा प्रश्न येतो. त्याला उत्तर एवढेच, माझी बहीण असती तर मी तिची परीक्षा बुडू दिली नसती.

दुसरी गोष्ट महाविद्यालयाच्या आतली. ती कंटाळवाणी आहे, कागदांची आहे, म्हणून तिकडे कुणी वळत नाही. पण खरी ताकद तिथेच आहे. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने विशाखा निकाल दिला, २०१३ साली कायदा झाला, आणि वर सांगितलेल्या विनियमांनी प्रत्येक महाविद्यालयात अंतर्गत तक्रार समिती असणे बंधनकारक केले. समितीची अध्यक्ष वरिष्ठ प्राध्यापिका असली पाहिजे. निम्म्या तरी सदस्य स्त्रिया हव्यात. बाहेरच्या संस्थेतली एक जाणकार व्यक्ती हवी. प्राध्यापक हवेत, शिक्षकेतर कर्मचारी हवेत. आणि प्रकरणात विद्यार्थी गुंतलेला असेल तर तीन विद्यार्थी सदस्य हवेत, तेही नेमलेले नव्हेत, पारदर्शक लोकशाही पद्धतीने निवडून आलेले. घटनेनंतर तीन महिन्यांच्या आत तक्रार करता येते, कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. चौकशी नव्वद दिवसांत संपली पाहिजे.

हे सगळे कागदावर आहे. पण ज्या मुलीच्या घरी ‘लोगां क्या बोलेंगे’ हा शेवटचा शब्द असतो, तिच्यापर्यंत ते पोचत नाही. तिला प्रयोगशाळेत कुणी त्रास दिला, एखाद्या सरांनी नको तो निरोप पाठवला, तर ती घरी सांगत नाही. सांगितले तर सरांचे काही होणार नाही, आपले महाविद्यालय मात्र बंद होईल, हे तिला पक्के ठाऊक असते. म्हणजे मोहल्ल्याचा पहारा तिचे रक्षण करीत नाही, त्रास देणाऱ्याचे करतो. तिची चुप्पी त्याला फुकट मिळते. हे ज्या दिवशी आमच्या मुलांच्या लक्षात येईल त्या दिवशी त्यांना कोपऱ्यावर उभे राहण्याची लाज वाटेल. अशा मुलीला समितीपुढे जाताना बरोबर येणारी मैत्रीण लागते, साक्ष द्यायला कचरणार नाही असा वर्गमित्र लागतो, आणि घरी ‘तिची काही चूक नाही, तिचे शिक्षण थांबवू नका’ असे वालिदांना सांगणारा भाऊ लागतो. हा भाऊ आम्हाला हवा आहे.

मुलींनाही एक सांगायचे आहे. एल. आर.ची रांगोळी पुरे झाली. समितीवर निवडून जायच्या जागा तीन आहेत, त्यांसाठी नाव द्या. ‘आमच्यातली मुलगी पुढे आली की दोन्हीकडून बोलणी खाते’ हे आम्हाला कळते. जळगावात खाल्ली, चेंबूरमध्येही खाल्ली असतील. दोन-तीन मैत्रिणी मिळून नाव द्या, हिंदू, लिंगायत, पद्मशाली, बौद्ध मैत्रिणींना बरोबर घ्या. विड्या वळणाऱ्या आईची लेक ही ओळख धर्माच्या पलीकडची आहे आणि सोलापुरात तिला वजन आहे.

प्रवेश झाले, वर्ग सुरू झाले की पहिल्याच आठवड्यात चार-पाच मुलामुलींनी कार्यालयात जावे आणि अंतर्गत तक्रार समितीच्या सदस्यांची यादी सूचनाफलकावर कुठे आहे ते विचारावे. यादी असेल तर तिच्यात विद्यार्थ्यांची तीन नावे आहेत का, ती कधी आणि कशी निवडली, हे पाहावे. जुन्या वर्षाची यादी तशीच चिकटवलेली असेल, बदली होऊन गेलेल्या बाईंचे नाव असेल, तर तेही टिपून ठेवावे. नसेल तर प्राचार्यांच्या नावे अर्ज लिहावा, साध्या मराठीत, एका पानाचा. त्याच्या दोन प्रती कराव्यात. एक कार्यालयात द्यावी आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. कारकून ‘उद्या या’ म्हणतील. उद्या जावे.